चार नावं, सारखे वाटे: आरईएम हा बँड ३१ वर्षं कसा टिकला

डिसेंबर १९९६ मध्ये लंडनच्या हायकोर्टात एक केस चालली. द स्मिथ्स नावाचा मँचेस्टरचा बँड होता, १९८२ ते ८७ एवढाच टिकला पण तेवढ्यात इंग्लंडमधल्या गिटार वाजवणाऱ्या पोरांना त्याने वेड लावलं, तर त्या बँडचा ड्रमर माइक जॉइस कोर्टात म्हणत होता की आम्ही चौघं बरोबरीचे भागीदार होतो, मग रेकॉर्डिंग आणि कार्यक्रमांच्या कमाईतले ४०-४० टक्के गायक आणि गिटारिस्टला आणि आम्हा दोघांना १०-१० टक्केच का? कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, २५ टक्के त्याचे. पण तोवर बँड फुटून नऊ वर्षं झाली होती, आणि बेस वाजवणारा अँडी रुर्क आधीच तडजोड करून बसला होता त्यामुळे त्याला १० टक्क्यांवरच राहावं लागलं. चौघं परत कधी एका स्टेजवर आले नाहीत, आणि आता येणारही नाहीत, कारण रुर्क २०२३ मध्ये गेला.

त्याच वर्षी, कोर्टाच्या चार महिने आधी, ऑगस्टमध्ये, अमेरिकेतल्या दुसऱ्या एका चौघांच्या बँडने वॉर्नर ब्रदर्स कंपनीशी पाच अल्बमचा करार केला, तेव्हाच्या बातम्यांत त्याचा आकडा ८ कोटी डॉलर असा आला होता. हा बँड म्हणजे आरईएम. हेही साधारण त्याच काळातले, हेही छोट्या कंपनीतून वर आलेले, ह्यांचाही गायक विचित्र शब्द लिहिणारा आणि गिटारिस्ट झिणझिणती गिटार वाजवणारा. फरक एकच आणि तो पहिल्या दिवसांपासूनचा: पैसा आणि श्रेय चौघांत सारखं वाटायचं. मी हा बँड खूप वर्षं ऐकतोय आणि माझं ठाम मत असं झालंय की ह्यांची गाणी एवढी चांगली झाली त्यात ह्या वाटणीचा हात फार मोठा आहे. ते कसं ते सांगतो, आणि त्यासाठी अल्टरनेटिव्ह रॉक बँडचं करिअर मुळात चालतं कसं, पैसा येतो कुठून, करार म्हणजे काय, हेही सोडवून सांगावं लागेल.

आधी हे अल्टरनेटिव्ह प्रकरण. १९८० च्या सुमारास अमेरिकेत बँडला मोठं व्हायचं तर रस्ता ठरलेला होता, मोठी रेकॉर्ड कंपनी तुम्हाला उचलणार, ती कंपनी तुमचं गाणं व्यावसायिक एफएम स्टेशनांवर लावायला बघणार, तिथे ते चाललं की मोठी स्टेडियमं. स्टेशनं कुठलं गाणं लावणार हे सगळं आधीच ठरलेलं, नवीन काही वाजवलं आणि लोकांनी स्टेशन बदललं तर जाहिराती जाणार, त्यामुळे कुणी धोका घ्यायचं नाही. पण अमेरिकेत एफएमचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा खालचा पट्टा बिगर-व्यावसायिक, शैक्षणिक स्टेशनांसाठी राखीव आहे. तिथे युनिव्हर्सिट्यांची स्टेशनं असतात आणि ती विद्यार्थीच चालवतात, जाहिरातवाला कुणी डोक्यावर नाही, रात्री दोन वाजता एखादा पोरगा त्याला आवडलेली कुठल्यातरी गावच्या बँडची रेकॉर्ड सलग तीनदा लावू शकतो. ह्या कॉलेज रेडिओच्या आजूबाजूला छोट्या रेकॉर्ड कंपन्या, हाताने काढलेली मासिकं, शंभर-दोनशे माणसांचे क्लब, आणि व्हॅनमध्ये सामान टाकून गावोगाव फिरणारे बँड असं एक वेगळंच जग तयार झालं. म्युझिक कसं वाजतं यापेक्षा ते कुठून पोचतं यावरून त्या जगाची ओळख होती. बिलबोर्ड ह्या अमेरिकन संगीत मासिकाने ह्या जगाचा वेगळा चार्ट, म्हणजे गाजणाऱ्या गाण्यांची क्रमवार यादी, काढला तो थेट सप्टेंबर १९८८ मध्ये, ग्रॅमीने वेगळं बक्षीस सुरू केलं ते १९९१ मध्ये. म्हणजे अधिकृत शिक्का बसेपर्यंत आरईएमने ह्या रस्त्यावर आठ वर्षं घालवली होती.

गाव अथेन्स, जॉर्जिया राज्यातलं, ग्रीसचं नव्हे. युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जियाचं गाव, अटलांटापासून दीडेक तासावर. बी-५२'स हा बँड इथलाच, त्यामुळे ह्या छोट्या गावातूनही न्यूयॉर्कला पोचता येतं हे पोरांना माहीत झालं होतं. पीटर बक, पुढे बँडचा गिटारिस्ट, हा वक्स्ट्री नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा, मायकल स्टाइप, पुढे गायक, हा आर्टचा विद्यार्थी तिथे रेकॉर्ड घ्यायला यायचा, दोघांची आवड जुळली. बिल बेरी आणि माइक मिल्स हे मेकन गावचे, शाळेपासून एकत्र वाजवणारे, एक ड्रमर एक बेसिस्ट. ५ एप्रिल १९८० ला एका वापरात नसलेल्या जुन्या चर्चमध्ये, एका मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या पार्टीत, हे चौघं पहिल्यांदा लोकांसमोर वाजले. नाव तेव्हा ठरलं नव्हतं, नंतर डिक्शनरी उघडून काढलं.

पहिली सिंगल रेडिओ फ्री युरोप १९८१ मध्ये हिब-टोन नावाच्या अगदी बारक्या कंपनीने काढली, पहिल्यांदा छापल्या त्या १,००० प्रती. रेकॉर्डिंग मिच ईस्टर नावाच्या माणसाकडे, नॉर्थ कॅरोलिनात, त्याचा स्टुडिओ आईवडिलांच्या गॅरेजमध्ये होता. ह्या एका रेकॉर्डवर त्यांना आय.आर.एस. रेकॉर्ड्स ह्या मधल्या आकाराच्या कंपनीने घेतलं, आणि १९८३ मध्ये मर्मर हा पहिला अल्बम आला. इथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कंपनीने आधी दुसरा प्रोड्युसर देऊन बघितला होता, तो एकेक गाणं पुन्हा पुन्हा वाजवायला लावायचा आणि वर सिंथेसायझर चढवायचा, ते ह्यांना अजिबात पटलं नाही, आणि ह्यांनी सांगितलं की आम्हाला मिच ईस्टर आणि त्याचा जोडीदार डॉन डिक्सनच पाहिजेत. नवीन बँड सहसा असं बोलत नाही, मिळालंय ते घालवायची भीती असते. कंपनीने ऐकलं. मर्मर चार्टवर ३६ व्या नंबरपर्यंतच गेला पण रोलिंग स्टोन मासिकाने त्याला १९८३ चा सगळ्यात चांगला अल्बम ठरवलं, आणि ते वर्ष मायकल जॅक्सनच्या थ्रिलरचं होतं हे लक्षात घ्या.

आता पैसा. हा भाग जरा किचकट आहे पण हा कळला की बाकी सगळं कळतं.

कुठल्याही गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, शब्द आणि चाल, कागदावर लिहिता येईल अशी. दुसरी म्हणजे ते रेकॉर्डिंग, ज्याला मास्टर म्हणतात. रचना ज्यांनी केली त्यांची, मास्टर बहुतेक वेळा कंपनीचं. आणि ह्या दोघांचे पैसे वेगवेगळ्या वाटांनी येतात.

मास्टरचा पैसा असा येतो: कंपनी बँडला सुरुवातीला ॲडव्हान्स देते. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारी माणसं मुकादमाकडून उचल घेतात आणि मग हंगामभर कोयता चालवून ती फेडतात, ॲडव्हान्स म्हणजे तंतोतंत तीच उचल. स्टुडिओचा खर्च, व्हिडिओचा काही खर्च, टूरसाठी दिलेले पैसे, हे सगळं बँडच्या खात्यावर चढतं आणि प्रत्येक रेकॉर्डमागे बँडला जो छोटा टक्का मिळायचा त्यातून कापलं जातं. हे फिटेपर्यंत बँडच्या हातात रॉयल्टीचा एक पैसा येत नाही, आणि शेकडो बँडांचं कधीच फिटत नाही. लोक म्हणतात अमुक बँडला लाखो डॉलरचा करार मिळाला, पण ती त्यांची कमाई नसते, अंगावर घेतलेली उचल असते, फक्त इतकंच की नाही फिटली तर घरी येऊन कुणी मागत नाही.

रचनेचा पैसा मात्र साधारणपणे ह्या उचलीच्या बाहेर असतो. अमेरिकेत प्रत्येक छापलेल्या प्रतीमागे प्रत्येक गाण्याला कायद्याने ठरवलेला दर आहे, २००६ ते २०२२ तो ९.१ सेंट होता. म्हणजे १० लाख प्रती खपल्या तर एका गाण्याचे ९१ हजार डॉलर, बारा गाणी असतील तर जवळजवळ ११ लाख, करारात हा दर थोडा कमी करून घेतात ते सोडा. हे पैसे रचनाकाराला, म्हणजे श्रेयात ज्याचं नाव आहे त्याला. आणि आता सगळ्यात मोठी गोष्ट: अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे फक्त रचनाकाराला मिळतात, वाजवणाऱ्याला आणि गाणाऱ्याला काहीही नाही. जगातल्या बहुतेक देशांत असं नाहीये पण अमेरिकेत आजही आहे. आता विचार करा, बँडमध्ये चौघं आहेत, श्रेयात गायक आणि गिटारिस्ट अशी दोनच नावं आहेत, गाणं हिट झालं, वर्षानुवर्षं रोज रेडिओवर वाजतंय, दोघांच्या घरी चेक येतायत आणि ड्रमरच्या घरी काहीच नाही. तो त्याच व्हॅनमधून फिरलाय, त्याच जमिनीवर झोपलाय. पाच वर्षांनी ह्या बँडमध्ये काय वातावरण असेल ते सांगायची गरज नाही.

आपल्याकडेही ही भांडणं झालीच आहेत, हिंदी सिनेमात गीतकार-संगीतकार एकरकमी पैसे घेऊन हक्क निर्मात्याला देऊन टाकायचे आणि गाणं पन्नास वर्षं वाजलं तरी त्यांना काही नाही, मग जावेद अख्तर राज्यसभेत उभे राहिले आणि २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलून रॉयल्टीचा हक्क त्यांच्याकडे राहील अशी सोय झाली. पण ते झालं रचनाकार आणि निर्माता यांच्यात. बँडच्या आत कोण रचनाकार आणि कोण नुसता वाजवणारा हे कुठलाच कायदा ठरवून देत नाही, ते मित्रामित्रांनी बसून ठरवायचं असतं आणि ते कुणीच वेळेवर ठरवत नाही.

आरईएमने ठरवलं. त्यांच्या स्वतःच्या गाण्यांवर श्रेय एकच, बेरी, बक, मिल्स, स्टाइप, इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने, कुणी किती केलं हे न बघता, आणि पैसे चार समान भागांत. जोडीला दुसरा नियम: कुठल्याही गोष्टीला चौघांपैकी एकाने नाही म्हटलं की ती गोष्ट होणार नाही, बहुमत वगैरे भानगड नाही. त्यांना सल्ला देणारा बर्टिस डाउन्स हा त्याच युनिव्हर्सिटीत कायदा शिकलेला माणूस, तो शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर राहिला, पुढे मॅनेजरही झाला. ऑफिस शेवटपर्यंत अथेन्सलाच.

आता ह्याचा गाण्यांशी काय संबंध? खूप आहे. लुझिंग माय रिलिजन घ्या. बक मँडोलिन नवीन शिकत होता, टीव्ही बघत बघत काहीतरी वाजवत होता आणि टेप चालू होती, नंतर ऐकताना त्यात ती धून सापडली. त्यावर शब्द स्टाइपचे. दुसऱ्या कुठल्याही बँडमध्ये ह्यावर दोन नावं आली असती. आता एव्हरीबडी हर्ट्स घ्या, त्यांचं दुसरं सगळ्यात गाजलेलं गाणं, त्याची मूळ कल्पना बरीचशी ड्रमर बिल बेरीची, आणि रेकॉर्डवर बराच भाग ड्रम मशीन टिकटिक करतं, म्हणजे ज्याचं गाणं त्यानेच स्वतःचे ड्रम बाजूला ठेवले. नाइटस्विमिंगमधला पियानो मिल्सचा, आणि त्या गाण्यात गिटार नाहीच. बक हा बँडचा गिटारिस्ट, स्मिथ्ससारख्या व्यवस्थेत त्याने म्हटलं असतं की माझं काय, मला काहीतरी वाजवू दे. इथे तो गप्प बसला कारण गाण्याला गिटार नको होती आणि गप्प बसून त्याचं काही नुकसान होत नव्हतं. मला हे फार मोठं वाटतं. अल्बममध्ये कुणाची किती गाणी घ्यायची ह्यावर पैसे अवलंबून असले की प्रत्येक जण आपलं गाणं रेटतो, चांगलं असो नसो. ते कारणच काढून टाकलं तर उरतो फक्त एक प्रश्न, गाणं चांगलं आहे का.

मग अमेरिकेच्या चार्टवरची त्यांची चढण बघा. मर्मर ३६, पुढच्या वर्षी रेकनिंग २७, १९८५ चा फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन २८, १९८६ चा लाइफ्स रिच पेजंट २१, १९८७ चा डॉक्युमेंट १०. दरवर्षी एक अल्बम, दरवर्षी टूर, आणि एकेक पायरी. ह्या हळू चढण्याचा फायदा असा की कंपनीचा खर्च कमी, उचल कमी, त्यामुळे डोक्यावर कर्ज नाही आणि कुणी येऊन म्हणत नाही की आता आमच्या मनासारखं करा. स्टाइप पहिल्या अल्बमांत इतकं पुटपुटत गायचा की शब्द कळायचेच नाहीत, तो हळूहळू स्पष्ट गायला लागला तो स्वतःच्या वेळाने. आज पहिलं गाणं आठवड्यात चाललं नाही तर संपलं अशी परिस्थिती आहे, तिथे पाचव्या अल्बमला पहिला टॉप टेन हिट मिळालेला बँड ही गोष्ट खरी वाटत नाही. ते गाणं द वन आय लव्ह, नवव्या नंबरवर गेलं.

१९८८ मध्ये त्यांनी आय.आर.एस. सोडली आणि वॉर्नरकडे गेले. कारण मुख्यतः परदेशातलं वितरण, अमेरिकेबाहेर त्यांच्या रेकॉर्ड्स नीट पोचतच नव्हत्या. तेव्हा ह्यावर पुष्कळ आरडाओरड झाली, अल्टरनेटिव्हवाल्यांचा धर्म बुडाला असंच लोक बोलत होते, आणि ती भीती अगदीच खोटी नव्हती. मिनियापोलिसचा हुस्कर दू हा जबरदस्त बँड दोन वर्षं आधी वॉर्नरकडे गेला आणि ८८ पर्यंत फुटला. तिथे बॉब मोल्ड आणि ग्रँट हार्ट हे दोघं आपापली गाणी आपापल्या नावाने लिहायचे आणि अल्बमवर कुणाची किती ही ओढाताण चालायची, बाकीही कारणं होती, व्यसनं होती, मॅनेजरचा मृत्यू झाला होता. आरईएम आत शिरले ते संगीतावरचा ताबा स्वतःकडे ठेवून. पहिला वॉर्नर अल्बम ग्रीन ८ नोव्हेंबर १९८८ ला काढला, अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दिवशी, मुद्दाम. त्यातलं ऑरेंज क्रश नव्या अल्टरनेटिव्ह चार्टवर पहिलं आलं.

मग १९८९ ची लांबलचक टूर, आणि त्यानंतर चौघं इतके थकले की त्यांनी ठरवलं आता टूर नाही. आउट ऑफ टाइम मार्च १९९१ मध्ये आला, अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरवर, टूर नाही. ऑटोमॅटिक फॉर द पीपल १९९२ मध्ये, टूर नाही. दोन्ही अल्बम जगभरात प्रत्येकी दीड कोटीच्या वर गेले. टूर न करता एवढं खपणं हे रेडिओ आणि एमटीव्हीमुळे झालं, आणि इथे आपला एक धागा येतो. लुझिंग माय रिलिजनचा व्हिडिओ ज्याने केला तो तरसेम सिंग, जालंधरचा, तेव्हा विशी संपता संपताचा. पंख लावलेला म्हातारा, बाणांनी टोचलेला संत, निळ्या अंगाच्या देवमूर्ती, खिडकीबाहेर पाऊस, त्या चौकटींत आपल्याकडच्या कॅलेंडरवरच्या देवांचा रंग स्पष्ट दिसतो. १९९१ ला एमटीव्हीचं त्या वर्षीच्या सर्वोत्तम व्हिडिओचं बक्षीस त्याला मिळालं. त्याच सुमाराला आपल्याकडे स्टार टीव्हीच्या केबलवरून एमटीव्ही यायला लागलं होतं, त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या माझ्या पिढीच्या बऱ्याच लोकांना आरईएम म्हटलं की आधी तो व्हिडिओच आठवतो, बँडचं नाव नंतर.

आणखी एक गोष्ट जी मला त्यांच्याबद्दल फार आवडते. तेव्हा अमेरिकेत सीडी लांबोळक्या पुठ्ठ्याच्या खोक्यात विकायचे, कारण दुकानांतली कपाटं एलपीच्या मापाची होती. आउट ऑफ टाइमच्या खोक्याच्या मागे त्यांनी मतदार नोंदणीच्या कायद्यासाठीचा अर्ज छापला, सही करा, कापा आणि तुमच्या सिनेटरच्या नावे पाठवा. ड्रायव्हिंग लायसन्स काढतानाच मतदार म्हणून नोंद व्हावी असा तो कायदा, १९९२ मध्ये अध्यक्ष बुश यांनी अडवला आणि मे १९९३ मध्ये क्लिंटन यांच्या सहीने झाला. तो फक्त आरईएममुळे झाला असं मी म्हणणार नाही, पण कचऱ्यात जाणाऱ्या पुठ्ठ्याचा एवढा चांगला उपयोग दुसरा कुठे बघितलेला नाही.

सप्टेंबर १९९१ मध्ये निर्वाणा ह्या बँडचा नेव्हरमाइंड हा अल्बम आला आणि मग अल्टरनेटिव्ह हेच मुख्य झालं. निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन आरईएमला फार मानायचा, एवढं यश मिळूनही ही माणसं माणसं कशी राहिली ह्याचं त्याला आश्चर्य होतं. तो १९९४ मध्ये गेला, त्याच्यावरचं लेट मी इन हे गाणं त्याच वर्षीच्या मॉन्स्टर अल्बमवर आहे.

मॉन्स्टरनंतर, सहा वर्षांच्या खंडाने, मोठी टूर निघाली आणि ती टूर म्हणजे हॉस्पिटलांची यादी झाली. १ मार्च १९९५ ला स्वित्झर्लंडमध्ये लोझानला चालू कार्यक्रमात बिल बेरीचं डोकं भयंकर दुखायला लागलं, मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता, तिथेच ऑपरेशन करावं लागलं. पुढे मिल्सचं पोटाचं ऑपरेशन, मग स्टाइपचं हर्नियाचं. बेरी मे महिन्यात परत ड्रमवर बसला. आणि एवढ्या गोंधळात त्यांनी टूरवरच, साउंडचेकमध्ये, कार्यक्रमांत, ड्रेसिंग रूममध्ये नवी गाणी रेकॉर्ड केली, तोच न्यू ॲडव्हेंचर्स इन हाय-फाय, १९९६.

मग तो ८ कोटींचा करार. आणि त्यानंतर सव्वा वर्षाच्या आत, ऑक्टोबर १९९७ मध्ये, बेरीने सांगितलं मला आता हे करायचं नाही, मी शेती करतो. चौघांनी पूर्वीपासून सांगून ठेवलं होतं की एक जरी गेला तरी बँड बंद. बेरी म्हणाला तसं होणार असेल तर मी जातच नाही, तुम्ही चालू ठेवणार असाल तरच जातो. त्याच्या खिशाचा विचार केला तर त्याला हे म्हणणं परवडलं कारण जुन्या प्रत्येक गाण्यात त्याचा चौथा हिस्सा कायम राहणार होता, त्याला उरलेल्या तिघांकडे काही मागायला जायचं नव्हतं. तो अथेन्सजवळ गवताच्या शेतीवर गेला.

पुढची वर्षं मी पटकन सांगतो. १९९८ चा अप करताना तिघं जवळजवळ फुटलेच होते, ड्रमरच्या जागी नवा भागीदार त्यांनी घेतला नाही, मशीन लावली, टूरला पगारी ड्रमर. अप हा मला फार आवडणारा अल्बम आहे, हळू, धूसर, रात्रीचा. रिव्हील बरा. २००४ चा अराउंड द सन माझ्या मते त्यांचा सगळ्यात कमजोर, प्रत्येक गाणं एकाच वेगाने चालतं आणि कुणाला कुणाचं ऐकायचं नाहीये असं वाटत राहतं. अमेरिकेत विक्री घसरली, युरोपात लोक टिकून राहिले. २००८ चा ॲक्सिलरेट छोटा आणि चटकदार, मग २०११ ला कोलॅप्स इनटू नाऊ.

आणि इथे मोजा: अप, रिव्हील, अराउंड द सन, ॲक्सिलरेट, कोलॅप्स. पाच. १९९६ च्या कराराचे पाच अल्बम पूर्ण. २१ सप्टेंबर २०११ ला त्यांनी जाहीर केलं, बँड संपला. निरोपाची टूर नाही, शेवटचा कार्यक्रम नाही, तिकिटं विकणं नाही. निरोपाच्या टूरमध्ये ह्या धंद्यात सगळ्यात जास्त पैसा असतो आणि तो त्यांनी घेतला नाही. पुन्हा एकत्र या म्हणून आग्रह तेव्हापासून चालूच आहे, त्यावर त्यांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. जून २०२४ मध्ये न्यूयॉर्कला साँगरायटर्स हॉल ऑफ फेमच्या कार्यक्रमात चौघं, बेरीसकट, एक गाणं वाजवायला उभे राहिले, लुझिंग माय रिलिजन, आणि उतरले. तो सन्मान वाजवण्याचा नव्हता, गीतलेखनाचा होता, आणि ड्रमर आणि बेसिस्ट त्यात बरोबरीने होते.

२०२३ मध्ये द बेअर ह्या अमेरिकन मालिकेत मॉन्स्टरवरचं स्ट्रेंज करन्सीज लागलं आणि एक नवी पिढी ते शोधून ऐकायला लागली. मालिकेत गाणं वापरलं की दोन परवानग्या लागतात, रचनेची वेगळी आणि मास्टरची वेगळी, दोन्हींचे पैसे वेगळे. वर जे दोन मालमत्तांचं सांगितलं ते इथे परत लागू पडतं, गाणं येऊन २९ वर्षं झाली आणि बँड बंद होऊन १२, तरी.

ज्यांनी काहीच ऐकलेलं नाही त्यांनी ऑटोमॅटिक फॉर द पीपलपासून सुरू करा, तो सलग ऐका, गाणी सुटी करून नको. त्यातल्या चार गाण्यांची व्हायोलिनं-चेलो लेड झेपेलिन ह्या रॉक बँडच्या जॉन पॉल जोन्सने बांधलीत, कान देऊन ऐका. मग मागे मर्मरवर जा, शब्द कळले नाहीत तर शोधत बसू नका, मिल्सचा बेस पकडा, बहुतेक वेळा खरी चाल तिथेच असते. मग लाइफ्स रिच पेजंट. न्यू ॲडव्हेंचर्स शेवटी ठेवा, चौघांनी मिळून केलेला तो शेवटचा, त्यात लीव्ह नावाचं सात मिनिटांचं गाणं आहे, सायरनसारखा एक आवाज जवळजवळ पूर्ण वेळ चालू असतो आणि खाली बेरी. ते मोबाइलच्या स्पीकरवर अजिबात ऐकू नका, हेडफोन लावा.